“दोन फटके द्या” म्हणणाऱ्यांना

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या घरी सल्ल्यांचा सुकाळ होतो. सल्ला एकच असतो, “दोन फटके द्या, सुधरेल.” देणारा माझ्या मुलाचा वैरी नसतो. तरीही सल्ला चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे ते मी माझ्याच चुकीवरून सांगणार आहे.

नागपूरचा मे महिना. पारा ४५च्या घरात. सकाळी दहानंतर पोरांना बाहेर सोडता येत नाही. घर दोन खोल्यांचं. यांची रात्रपाळी असते, म्हणून दिवसा झोप आणि आवाज बंद. माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे, तो दहा मिनिटं एका जागी बसत नाही. यंदा त्याने कूलरच्या जाळीतला वाळा उपसला, टाकीत आजीचा चष्मा तरंगतो का ते पाहिलं. मोठी सातवीतली, शहाणी. इतकी शहाणी की दिवसचे दिवस तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

त्या दिवशी सासूबाईंनी आणि मी पहाटे उठून गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून केलेलं काम. हा चेंडू आणायला गेला आणि ओल्या कुरडयांवरून पळाला. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी म्हणालं, “तुमचा पोरगा म्हणजे कहरच आहे.” मी त्याला तिथेच मारलं. एकदा नाही, तीनदा. तो रडला नाही, नुसता बघत राहिला.

रात्री मुलीने विचारलं, “आई, कुरडया मोडल्या म्हणून मारलंस की त्या काकूंनी पाहिलं म्हणून?”

उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच मी बोलले नाही.

आपण मुलाला शिस्तीसाठी मारतो हे बहुतेक वेळा खोटं असतं. आपण थकलेले असतो, अपमानित झालेले असतो, आणि घरात ज्याच्यावर हात उचलला तर तो उलटून हात उचलणार नाही असा एकच असतो. बाहेर ज्याला आपण अन्याय म्हणतो, त्याची व्याख्या याहून वेगळी आहे काय?

काही जण म्हणतील, आम्हीही मार खाऊनच शिकलो. नाही. तुम्ही मार खाऊनही शिकलात. मार खाऊन ज्यांनी शाळा सोडली, ते हा युक्तिवाद करायला तुमच्यासमोर बसलेले नाहीत.

मार्चमध्ये शाळेतूनही निरोप आला होता, “याचा दाखला काढून न्या.” तेव्हा मी मान खाली घालून परत आले. नंतर शिक्षण हक्क कायदा, २००९ वाचला. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करतं. कलम १६ प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. मग वाटलं, जो कायदा मी शाळेला दाखवणार, तो माझ्या गच्चीवर लागू नाही का?

याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी बाबासाहेब दलित महिला परिषदेत बोलले. मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, असं त्यांनी आयांना सांगितलं. दरवर्षी आपण ते भाषण आठवतो. आणि घरी पोराला रोज उठून सांगतो, तू वाया गेलेला आहेस. न्यूनगंड काय फक्त बाहेरचेच लोक पेरतात?

मी मुलाची माफी मागितली. सासूबाईंना ते पटलं नाही. तो त्या दिवसापासून शांत झाला, असंही नाही. पण आता पहाटे पाच ते आठ तो बाबा घरी येईपर्यंत मैदानावर पळतो, कूलरची टाकी भरायचं काम त्याचं आहे, आणि संध्याकाळचा अर्धा तास फक्त मुलीचा. जूनअखेर शाळा उघडेल. या वेळी मी मान वर करून जाईन, आणि समुपदेशकाकडे त्याला दाखवायचं ठरलंय, तेही लपवणार नाही.

फटके देणं सोपं आहे. म्हणूनच सगळे तो सल्ला फुकट देतात.