थेंबाथेंबाचे मोल

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, दीड किलोहून कमी वजनाच्या बाळाची आतडी फार कोवळी असतात. वरच्या दुधापेक्षा आईच्या दुधावर आतडी सडण्याचा जीवघेणा आजार कमी होतो. पहिला पिवळसर चीक तर जंतूंपासून वाचवतो. परळच्या रुग्णालयात आमच्या घरचे बाळ काचेच्या पेटीत होते, तेव्हा सूनबाई दर दोन-तीन तासांनी दूध काढी आणि आम्ही ते नळीने पाजण्यासाठी नर्सबाईंकडे पोहोचवत असू.

दूध पुरेना, तेव्हा दूधपेढीची गोष्ट निघाली. आशियातली पहिली दूधपेढी 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी इथेच, सायनच्या टिळक रुग्णालयात सुरू केली. दात्या मातांची तपासणी होते, दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात. पण फूफींनी विचारले, "दुधाचे नाते जुळले तर पुढे निकाहाचे काय?" 1985 मध्ये जेद्दाच्या फिक्ह अकादमीने याच कारणाने मनाई केली, काही उलेमा मात्र जीव वाचवण्यासाठी मुभा देतात.

बहिणींनो, हा मसला आपल्या मौलानांना गरोदरपणातच विचारून ठेवा. आणि सुनेला पोटभर जेवण, झोप व धीर द्या. तिचे दूध टिकवणे हे साऱ्या घराचे काम आहे.