पोच

कलाशाखेच्या वार्षिकात संगणकाच्या तारा कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. मी मराठी घेऊन द्वितीय वर्षाला आहे आणि दुपारनंतर चुलतभावाच्या दुकानात बसते. दादा संगणक दुरुस्त करतो, कार्यालयांतून जोडणी करून देतो. बिलं मी लिहिते. बिलं लिहिता लिहिता पक्कडही हातात आली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे "बीएला हे शिकवतात का गं?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं, की मी "हो" म्हणून मोकळी होते.

गेल्या पावसाळ्यात दादाला एका पतसंस्थेचं काम मिळालं. तिचं नाव सांगत नाही, कारण माझे वडील तिथंच शिपाई आहेत. संस्थेचं मुख्य कार्यालय तळमजल्यावर. वसुली विभाग पूर्वी दुसऱ्या गल्लीत होता, तो याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आला; येताना आपले संगणक आणि आपलं वेगळं नेटवर्क घेऊन आला. खाली सात यंत्रं, वर चार. खालच्यांना वरची दिसत नाहीत, वरच्यांना खालची. मधे जिने, आणि जिन्यांवर आप्पा. खातेउतारे खालून वर, थकबाकीच्या याद्या वरून खाली. अलीकडे त्यांच्या खिशात चष्म्याशेजारी पेनड्राइव्हही असे.

सगळं एकच नेटवर्क करून टाकता आलं असतं. पण रोखपालाच्या खिडकीवरची यंत्रं वेगळी राहावीत, अशी साहेबांची अट. तेव्हा दोन वाडे तसेच ठेवायचे नि मधल्या भिंतीत एक दरवाजा काढायचा. या दरवाजाला राउटर म्हणतात.

पहिलीच अडचण गमतीची निघाली. दोन्ही मजल्यांवरचे पत्ते १९२.१६८.१ असेच सुरू होणारे! यात चूक कुणाचीच नाही. खाजगी नेटवर्कांसाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवलेले आहेत, १९९६ साली तसा दस्तऐवजच निघाला. ते कुणीही आपल्या घरात वापरावेत. राउटर विकणाऱ्या कित्येक कंपन्या त्यांतलाच हा एक पत्ता आधीच घालून देतात. एरवी बिघडत नाही, पण दोन घरं जोडायला जावं तर दोघांचा घरनंबर एक. संगणक पाठवायच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे पाहतो. ते स्वतःसारखेच असले तर 'हा आपल्याच आळीतला' असं समजून तिथंच हाका मारत बसतो. दरवाजाकडे वळतच नाही. म्हणून वरच्या मजल्याचे पत्ते बदलून १९२.१६८.२ करावे लागले.

मग राउटरचा एक पाय खाली, एक वर. खालच्या बाजूला तो १९२.१६८.१.२५४, वरच्या बाजूला १९२.१६८.२.२५४. मला वाटलं, झालं काम. पण दरवाजा काढला म्हणून घरातल्यांना तो ठाऊक होतो थोडाच? प्रत्येक यंत्राला बाहेर जायचं एकच दार माहीत, इंटरनेटचं. अनोळखी पत्त्याचं सगळं तिकडे ढकलायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. म्हणून एकेका यंत्राला सांगावं लागतं : 'दोनच्या आळीला जायचं असेल तर या दारानं जा.' एका ओळीची आज्ञा असते. तिच्यात एक 'पी' घालायचा, नाहीतर यंत्र बंद करून सुरू केलं की सांगितलेलं सगळं विसरतं.

दादानं खालच्या सातही यंत्रांवर ती ओळ लिहिली. वरच्या चारांवर मुद्दाम लिहिली नाही. "आता पिंग कर नि बघून ठेव," म्हणाला. पिंग म्हणजे हाक मारून ओ येते का पाहणं. माईक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसानं १९८३ च्या डिसेंबरात हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव घेतलं पाणबुड्या हुडकणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. मी खालून वर हाक मारली. चार वेळा एकच उत्तर : रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

हाक पोचली होती. परक्या आळीची हाक ऐकायची मुभा वरच्या फायरवॉलना आधीच दिलेली होती. वरच्या यंत्रानं ओ दिलीसुद्धा. पण एकची आळी कुठं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं ती ओ आपल्या सवयीनं इंटरनेटच्या दाराकडे ढकलली, आणि बाहेरच्या जगात असल्या खाजगी पत्त्यांना कुणी विचारत नाही. तिथं ती हरवली. हाक पोचलीच नाही, की ओ परत आली नाही, हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नाही. पडद्यावर दोन्हींना एकच वाक्य.

आप्पा मागं उभे होते. सातवी शिकलेला माणूस. मी त्यांना जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे पोच न्हाई आली. पोचवहीवर सही आणल्याबिगर कागद दिला असं म्हनू नये, बाई. मी कवा रिकामी वही घेऊन खाली आलोय?"

सत्रभर मी 'संप्रेषण' या शब्दाची टिपणं काढत होते!

वर जाऊन चारही यंत्रांवर मीच ओळ लिहिली : एकच्या आळीला जायचं तर या दारानं. खाली येऊन पुन्हा हाक मारली. ओ आली. तिच्या शेवटी १२७ हा आकडा होता. विंडोजचं यंत्र निघताना १२८ घालून देतं आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, म्हणजे चुकलेला निरोप जन्मभर फिरत राहू नये. एक वजा झाला, तो आमच्या दरवाजानं केलेला.

साहेब खूश झाले. "चला, मामांचे जिने वाचले," म्हणाले. आप्पा हसले. त्यांचे गुडघे दोन वर्षं दुखताहेत, त्यामुळे मलाही बरंच वाटायला हवं होतं. पण शिपायाचे जिने वाचले म्हणजे त्याचं नेमकं काय वाचतं, हे मला त्या संध्याकाळी बिल लिहिताना कळेना. मजुरीच्या रकान्यात दादानं माझेही तीनशे धरले होते. आप्पांना मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

सध्या ते दारापाशी बसतात, टपाल घेतात, चहा सांगतात. वर जायचं ते फक्त सहीसाठी. पगार तोच आहे; मार्चनंतरचं साहेब मार्चनंतर सांगणार आहेत. पोचवही आता फारशी लागत नाही, म्हणून निम्मी कोरी राहिलेली एक त्यांनी साहेबांना विचारून माझ्यासाठी घरी आणली. भाषाविज्ञानाची टिपणं मी तिच्यातच काढते आहे.