आधी वरचे बूच

निवृत्तीनंतर मी एक जुनी महिंद्र जीप विकत घेतली, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. जांबोटी, कणकुंबी या खानापूर तालुक्यातील ज्या चिखलवाटांवरून मी ३३ वर्षे सरकारी जीपमध्ये चालकाशेजारी बसून हिंडलो, तेथे आता स्वतः चाक हाती धरून जावे, एवढीच माझी हौस होती.

अशा वाहनाच्या पोटात इंजिनाखेरीज आणखी ४ ठिकाणी तेल असते : गिअरबॉक्स, त्याला जोडलेला ट्रान्स्फर केस आणि पुढचा व मागचा डिफरन्शियल. प्रत्येकाला तेल सोडण्याचे बूच तळाशी आणि भरण्याचे बूच बाजूला, जरा वर. वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले की पुरे. तेच त्याचे माप. म्हणून गाडी सपाट उभी हवी. ओढा ओलांडताना तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसू लागले की ते बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी हे काम घरीच करावयास घेतले. चारही बाजूंना लोखंडी स्टँड लावले, गाडीखाली शिरलो आणि गिअरबॉक्सचे खालचे बूच सोडले. तेल परातीत उतरले. मग वरच्या बुचाला पाना लावला आणि माझी चूक ध्यानात आली. ते बूच चौकटीच्या आडव्या पट्टीमागे दडलेले. पाना जेमतेम बोटभर फिरे आणि पट्टीवर आदळे. या बुचांचे आटे निमुळते. एकदा जास्त आवळले की रुतून बसतात. तेल तर गेले होते. गाडी जागची हलवणे अशक्य होते.

तसाच पाठीवर पडून असता मला १९९८ सालचा एक कागद आठवला. कणकुंबीच्या वाटेवर आमच्या जीपचा गिअरबॉक्स अडकला होता. उघडला, तर आत तेल नावालाच. मी चालकाकडे खुलासा मागितला. त्यांनी सांगितले, ‘‘साहेब, वरचं बूच पान्याला घावत न्हाई.’’ ‘सबब असमाधानकारक’ असा शेरा मी लिहिला. गाडीखाली वाकून पाहिले नाही. माझ्या शिफारशीवरून त्यांची एक वेतनवाढ वर्षभर रोखली गेली.

खूप विचार करून त्यांनाच दूरध्वनी केला. तेही आता निवृत्त आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन हजर झाले. त्यांनी जीपच्या आतील तळाचा पत्रा स्क्रू काढून उचलला. बूच वरून हाताशी आले. मग पिशवीतून एक पाना काढला : दांडा कापून आखूड केलेला, तोंडाशी तापवून वाकवलेला. दोन हिसक्यांत बूच सुटले.

‘‘हा पाना केव्हा करून घेतलात?’’

‘‘अठ्ठ्याण्णव साली, साहेब. पदरचे पैसे घालून.’’

मला पुढे बोलवेना. त्यांनी तेलाचा डबा उन्हात ठेवला. तेल पातळ झाल्यावर नरसाळ्याला पारदर्शक नळी जोडून ती भोकात सोडली. भोकाशी तेल ओघळू लागताच ते म्हणाले, ‘‘भरलं. आता पुढल्या बारीला आधी वरचं बूच सोडवून बघायचं. ते सुटंना झालं, तर खालच्याला हात लावायचा न्हाई.’’

चहा घेताना मी त्या वेतनवाढीचा विषय काढला. ते कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘बूच लई आवळू नका, साहेब. पुन्हा सोडवायचं असतंय.’’

त्या फाइलीतील शेरा आता मला खोडता येत नाही. तो चुकीचा होता, एवढे येथे लिहून ठेवतो.