ड्युटीतला वेळ माग

कोपर

चि. वैशूस,


तुमच्या लॅबचे सर म्हणतात, आजकालच्या टेक्निशियनना शिकायची आवडच नाही. तुझ्याकडून हे ऐकलं आणि डोकं तापलं माझं. सकाळी सातला उपाशीपोटी आलेल्या पेशंटची रांग, मग होम कलेक्शन, दुपारी मशीन, रात्री रिपोर्ट. वेबिनार नेमका दुपारी तीनला! रविवारी परळला वर्कशॉप असलं, तर तुझ्या जागी उभं राहायला कोणी नाही. गेलीसच तर फी तुझी आणि कापलेला पगारही तुझाच. सर्टिफिकेट आणलं तरी पगार आहे तिथेच. यात आवडीचा काय संबंध?

शिकवणारा एकच, मशीन बसवायला आलेला कंपनीचा माणूस. तो बटणं दाखवतो. मशीन फसतं कुठे, ते कोण सांगणार? ऐन डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट चाळीस हजार येतात आणि पेशंट ठणठणीत असतो. काही जणांच्या रक्तात ट्यूबमधल्या ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मग मशीनला त्या नीट मोजता येत नाहीत. स्मिअर पाहिला की गुठळ्या दिसतात. सायट्रेटच्या निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं आणि येईल तो आकडा 1.1 ने गुणायचा. हे जिला कुणी सांगितलंच नाही, ती रिपोर्ट तसाच पुढे पाठवते आणि घरची माणसं प्लेटलेटसाठी रक्तपेढ्या पालथ्या घालतात.

डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत शिकत राहण्याचे 30 क्रेडिट लागतात. एनएबीएलची मान्यता घेतलेल्या लॅबला आयएसओ 15189 प्रमाणे स्टाफचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, पण ती मान्यता ऐच्छिक. तुमच्या लॅबने घेतलेलीच नाही. 2021 च्या केंद्रीय कायद्याने आपल्या पेशाची दखल घेतली, शिक्षणाचे किमान 2000 तास ठरवले. त्यापुढचं शिकणं तुमच्याकडे अजून सरांच्या मर्जीवर आहे.

म्हणून सुट्टी मागूच नकोस, ड्युटीतला वेळ माग. महिन्यातून एक दुपार पॅथॉलॉजिस्टना बसवून घ्या. अडलेले रिपोर्ट, स्मिअर, कंट्रोलचे चार्ट समोर ठेवा आणि मराठीत बोला. तुझं शिकणं उतरतं ते लॅबच्या लेटरहेडवरच्या रिपोर्टात, तर वेळही लॅबनेच द्यायला हवा. त्या दुपारचा पगार कापणार नाहीत, हे आधी लिहून घ्या. आणि एकटी जाऊ नकोस, लॅबमधल्या चौघी मिळून जा.

तुझी,
मावशी