गुडघा दुखतो, मांडी कमावा

जिना चढताना गुडघे दुखतात असं सगळे म्हणतात. माझे उतरताना जास्त दुखायचे. एस. टी.तून उतरताना शेवटच्या पायरीवरून रस्त्यावर पाय टेकवायचा म्हणजे अंगावर काटा यायचा. दांडा घट्ट धरून आधी दुखरा पाय खाली, मग दुसरा, आणि मागे उतरणाऱ्यांची घाई. सगळी नोकरी फळ्यासमोर उभं राहून केली, तेव्हा पायांनी कधी कुरकुर केली नव्हती. निवृत्तीनंतर मात्र आधी पंगतीला मांडी घालून बसणं सुटलं, मग पाटावर बसून पूजा करणं सुटलं.

एक्स-रे पाहून हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूचं अंतर कमी झालंय, झीज चारपैकी तिसऱ्या पायरीवर आहे. ते ऐकून घरातल्यांनी मला मायेनं बसवून ठेवलं. सून हातातली बादली काढून घ्यायची, मुलगा भाजी आणू द्यायचा नाही. शेजारणींचं म्हणणं, ‘वंगण संपलंय, आता जपून राहायचं.’ आणि जपून राहता राहता मी खुर्चीच्या हाताला रेटा दिल्याशिवाय उठेनाशी झाले.

डॉक्टरांनीच पुढे फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी. तिनं गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला आणि मग टेप काढली. वाटीपासून वर सारख्या अंतरावर दोन्ही मांड्यांवर पेनानं खुणा केल्या आणि घेर मोजला. उजवी मांडी चांगलीच बारीक भरली. गुडघा सुजलेला असल्यामुळे तो पाय मला उलट जाडच वाटत होता. ती म्हणाली, “काकू, दुखतंय गुडघ्यात, पण आपल्याला काम करायचंय ते मांडीवर.”

मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायूंचा गट असतो. तो गुडघ्याच्या वाटीला धरून खाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. पाय सरळ करणं हे त्याचं काम. पण पायरी उतरताना शरीराचं वजन हळूहळू खाली सोडणं हेही त्याचंच काम. तो अशक्त असला की वजन आवरून धरलं जात नाही, पाय धपकन पडतो आणि दणका सांध्याला बसतो. उतरतानाच्या माझ्या दुखण्याचा उलगडा मला तिथे झाला. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती प्रत्येक गुडघेदुखीवाल्याला कळायला हवी. सांधा दुखत किंवा सुजलेला असला की मज्जासंस्थाच या स्नायूला पुरता जोर लावू देत नाही. मग स्नायू वाळतो, सांधा आणखी दुखतो, माणूस आणखी बसतो. यात आळसाचा काही संबंध नाही.

पहिला व्यायाम दिसायला अगदी किरकोळ होता. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती खाली दाबायची. पाच आकडे मोजेपर्यंत दाब धरायचा, सोडायचा, असं दहा वेळा. मी दाबलं तर कंबर आवळली, जबडा आवळला, मांडी मात्र मऊच. तिनं वाटीच्या वर आतल्या अंगाला बोट टेकवलं आणि म्हणाली, “जोर इथं आणा.” बराच वेळ काही होईना. मग तिच्या बोटाखाली स्नायू जरासा थरथरला. आपल्याच शरीराचा एक भाग आपलं ऐकेनासा झाला होता, हे कळून मला रडू आलं. आकडे मोठ्यानं मोजायला लावायची, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. रक्तदाब असलेल्यांनी हे नक्की पाळावं.

पुढे उताणं झोपून, एक गुडघा दुमडून दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं आलं. मग खुर्चीत बसून पाय सरळ करणं, आणि ते सोपं वाटू लागल्यावर घोट्याला अर्ध्या किलोचा पट्टा. सगळ्यांत तिचं सांगणं एकच, खाली आणताना सावकाश. पण माझ्या मते खरा व्यायाम खुर्चीतून उठण्या-बसण्याचा. सुरुवातीला उशी ठेवून बैठक उंच करायची, हात छातीवर घ्यायचे, उठायचं आणि हळू बसायचं. मग उशी काढायची. बसमधली सीट, कमोड, दवाखान्यातलं बाकडं, दिवसभर आपण हेच तर करत असतो.

व्यायामानं झीज वाढेल ही भीती मलाही होती. मी शिक्षिका, पुरावा मागितला. तिनं 2015 साली प्रसिद्ध झालेला, ‘कोक्रेन’ या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा दाखवला. गुडघ्याच्या झिजेवर व्यायामाच्या 54 चाचण्या त्यात तपासल्या होत्या, आणि दुखणं कमी होतं, हालचाल सुधारते असा निष्कर्ष होता. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि त्यासाठी हालचाल लागते, हेही तिनंच समजावलं. शिवाय एक नियम दिला. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर व्यायामाचा भार कमी करायचा, व्यायाम सोडायचा नाही. या नियमानं माझी भीती गेली.

पहिले काही आठवडे फरक जाणवत नाही, आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. स्नायूला ताकद यायला दीड-दोन महिने तरी द्यावेच लागतात. मालिशनं बरं वाटतं, मीही करून घेते, पण मालिशनं स्नायू कमावला जात नाही. माझी झिजलेली कूर्चा काही परत आली नाही. मांडी घालून बसणंही जमत नाही. पण जिना मी एकाआड एक पाय टाकत उतरते आणि बाजारातून भाजी स्वतः आणते.

गुडघा लाल होऊन तापला, अचानक सुजला, अडकून बसला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर आधी डॉक्टरांकडे जा. आणि लेकी-सुनांनो, मुलांनो, घरातल्या आजीचे गुडघे दुखतात म्हणून तिला पलंगावर बसवून ठेवू नका. एकदा फिजिओथेरपिस्टकडे न्या, आणि रोज दहा मिनिटं तिच्या शेजारी बसून आकडे मोजा.