सहलीच्या कागदावर सही करण्याआधी

डिसेंबर लागला की आमच्या गावात दोन कागद घरोघर फिरतात. एक लग्नपत्रिका आणि दुसरा शाळेच्या सहलीचं संमतीपत्र. पत्रिका आपण नीट वाचतो, कुणाचं नाव गाळलंय तेही बघतो. संमतीपत्र मात्र दप्तरातून बाहेर येतं ते रिक्षा दारात उभी असताना. भिंतीला टेकवून सही केली की आपण मोकळे. शेवटची ओळ ठरलेली असते: काही बरंवाईट घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मीही अशीच सही केली. मुलगी आठवीत होती. एका दिवसात वेरूळ, घृष्णेश्वर, देवगिरी किल्ला, बीबी का मकबरा आणि पाणचक्की! पहाटे चारला निघायचं, रात्री दहाला परत. फाईल चोख होती. परवानगी, एसटीची पावती, मुलांची यादी, पालकांच्या सह्या, सगळं जागेवर. फक्त तो मंगळवार होता, आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. एवढं कुणीच बघितलं नव्हतं.

लेण्यांच्या फाटकावरून पोरं परत फिरली आणि भर दुपारी देवगिरी चढायला लागली. अंधारीच्या अलीकडे मुलीच्या वर्गातली एक पोरगी चक्कर येऊन पडली. पहाटेपासून ती पाणीच प्यायली नव्हती. विसरली नव्हती, ठरवून प्यायली नव्हती. बस कुठे थांबेल, तिथे बायकांसाठी सोय असेल का, असली तर दाराला कडी असेल का, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यासारख्या बऱ्याच जणी होत्या. माझ्या मुलीचीही भरून दिलेली बाटली रात्री भरलेलीच घरी आली.

रात्री मुख्याध्यापकांचा फोन. "साहेब, पोरगी बरी आहे आता. सलाईन लावून घरी सोडलं. तेवढी बातमी सांभाळून घ्या."

मी सांभाळली. माणूस चांगला होता हे एक कारण. शाळेची 26 जानेवारीची जाहिरात आमच्या अंकात असते हे दुसरं. आज लपवत नाही.

महिनाभराने, 18 जानेवारी 2024 ला, वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, बऱ्याच मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ती बातमी मी पहिल्या पानावर लावली. लांबच्या शाळेची बातमी लावायला हिंमत लागत नाही.

पुढच्या वर्षी आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी सहल हातात घेतली. एका रविवारी त्या स्वतःच्या पैशाने त्याच रस्त्याने एसटीने जाऊन आल्या. वहीत सगळं लिहून आणलं. कोणत्या स्थानकात स्वच्छतागृहाला पाणी आहे, चाळीस मुलींना तिथे किती वेळ लागेल, डबा खायला सावली कुठे, जवळचा दवाखाना कोणता. मग यादीवर काट मारली. पाच ठिकाणांचं एकच राहिलं, वेरूळ. तिथेही 34 लेण्यांपैकी तीनच: 10, 16 आणि 32. म्हणजे एक बौद्ध, एक हिंदू, एक जैन. दहा मुलांमागे एक शिक्षक, आणि प्रत्येक वेळी बस हलण्याआधी गटागटाने मोजणी. कुणाला दम्याचा त्रास, कुणाला बस लागते, हे त्या-त्या शिक्षकाच्या खिशातल्या चिठ्ठीवर.

अंतर कमी झालं, त्यात एसटीची शालेय सहलीची निम्म्या भाड्याची सवलत. वर्गणी उतरली आणि आधी नाव न दिलेली चार पोरंही आली.

कैलास लेण्यासमोर पोरं तासभर बसून होती, असं मुलगी सांगत होती. "पप्पा, ते देऊळ वरून खाली कोरलंय. आधी कळस, मग खालचं." रात्री तिची बाटली रिकामी होती. वाटेत दोनदा भरून घेतली होती म्हणे.

सहली बंद करा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. आमच्याकडच्या कितीतरी पोरांनी तालुक्याबाहेरचं जग पाहिलं ते शाळेच्या सहलीतच. शिक्षकांना झोडपायचंही नाही. निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात आहे. पण बाईंनी रविवार आणि पदरचं भाडं घातलं, ते काम खरं तर शाळेचं होतं. आधी एका शिक्षकाने जाऊन यायचं, त्याचा खर्च सहलीच्या हिशेबातच धरायचा. एवढं पालकसभेत मागता येतं. मुलामागे काही रुपये पडतील.

कालच नवं संमतीपत्र घरी आलंय. शेवटची ओळ तीच आहे. या वेळी सही करण्याआधी मी शाळेत जाऊन विचारणार आहे, "सर, तिथे आधी कोण जाऊन आलं?" तुम्हीही विचारा. दोन वर्षांपूर्वी हे मी छापायला हवं होतं.