पिशवीतलं आलं आणि तळातली खडी



घरामागं पांढऱ्या पिशव्या मांडल्यापासून पारावर एकच चेष्टा चालू होती, "काय, गांजा लावलाय का?" आलं लावलंय हे सांगून सांगून थकलो. पण चेष्टेत थोडं तथ्य आहे, ते आज कबूल करतो. पिशवीत पीक कसं जगवायचं हे मी ज्यांचे व्हिडिओ बघून शिकलो, ती माणसं अमेरिकेत कुंडीत गांजा पिकवणारी. तिकडं काही राज्यांत त्याला परवानगी आहे. चार कुंड्यांत, खताची बाटली न वापरता झाड वाढवायचं म्हणून त्या लोकांनी माती, पाणी आणि मुळीचा फार बारीक विचार केलाय. भाषा निम्मी कळली नाही, पण हात काय करतात ते कळत होतं. आपल्याकडं १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे, तेव्हा उगाच कुणी डोकं चालवू नका. मला फक्त त्यांची कुंडी हवी होती.

का हवी होती ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी ३० गुंठे माहिम आलं होतं. बेणं बाहेरून घेतलेलं, दिसायला टणक, डोळे चांगले. श्रावणात पावसानं उघडीप दिली नाही आणि एका कोपऱ्यातून पिवळं पडायला सुरुवात झाली. खोड ओढलं की हातात यायचं, बुडाला घाण वास. कापलेलं खोड काचेच्या ग्लासात पाण्यात धरून बघितलं. पांढरा धूर सुटला असता तर जिवाणूजन्य मर म्हणायची. तसं काही झालं नाही, म्हणजे पिथियमची कंदकूज. आळवण्या केल्या, चर काढले. दिवाळीपर्यंत निम्मं रान बसलं. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करावं लागलं.

अण्णा त्या दिवशी बांधावर एवढंच बोलले, "परत आलं लावायचं असंल तर बेणं तुझं तू घरात कर. बाहेरचं बेणं माझ्या रानात नको."

एकराला आठ-दहा क्विंटल बेणं लागतं. ते घरात कुठं करणार? मग पिशवीचा विचार आला. पिशवीचा खरा फायदा उत्पादन नाही, वेगळेपण आहे. रानात एक गड्डा सडला की पाण्याबरोबर रोग सरीभर फिरतो. पिशवीत सडला तर पिशवी उचलून बाहेर.

ओळखीच्या एका प्लॉटात, भर पावसात हिरवागार राहिलेल्या बेडमधलं तीन किलो बेणं मागून आणलं. ट्रायकोडर्माच्या द्रावणात बुडवून सावलीत सुकवलं. बारा बाय बारा इंचाच्या ४० पिशव्या. रानातली माती अजिबात घेतली नाही. कोकोपीट, मुरलेलं शेणखत, थोडं गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा धुवा, त्यात मीठ असतं. आणि पेंड मिसळून पंधरा दिवस ढीग ओला ठेवा, लगेच भरलं तर तापतं. माझं शेणखत मात्र मी म्हणतो तेवढं मुरलेलं नव्हतं. चार पिशव्यांत हुमणी निघाली.

आता मुख्य चूक. निचरा व्हावा म्हणून पिशवीच्या तळाला दोन-तीन इंच खडी घातली. सगळेच घालतात, आईसुद्धा तुळशीच्या कुंडीत खापऱ्या घालते. २४ पिशव्या भरल्या आणि खडी संपली, म्हणून उरलेल्या १६ तशाच भरल्या. त्या वर्षी ११ पिशव्या सडल्या. त्यातल्या ९ खडीच्या.

कारण नंतर एका व्हिडिओत दिसलं, आणि मी ते घरी करून बघितलं. स्पंज भिजवून आडवा धरा, पाणी गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. परत धार लागते. म्हणजे माध्यमाच्या तळाला पाण्याचा एक थर अडकून राहतोच, आणि भांडं जेवढं बुटकं तेवढा त्या थराचा वाटा मोठा. बारीक माध्यमातलं पाणी पुरतं तुडुंब झाल्याशिवाय जाड खडीत उतरत नाही. खडी घातली की तो ओला थर तीन इंच वर सरकतो, नेमका गड्ड्याच्या जवळ. पिथियमला अजून काय पाहिजे? निचरा पिशवीच्या भोकांतून आणि माध्यमाच्या भुसभुशीतपणातून होतो. आता कोकोपीटमध्ये भाताचं जाड तूस मिसळतो आणि पिशव्या विटांवर ठेवतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर खडीच्या बऱ्याच पिशव्या पागोळीखाली होत्या, तेव्हा सगळा दोष खडीचा म्हणणार नाही. पण परत घालणार पण नाही.

दुसरं, जीवामृत. रानात ओततो तसं दर आठवड्याला पिशवीत ओतत गेलो. पानं तरी पिवळीच, वर वास. रानात मुळी चार बोटं पुढं जाऊन खायला शोधते, पिशवीत ती कुठं जाणार? जिवाणूंनाही काम करायला जागा आणि हवा लागते, रोज ओलं राहिलं तर ते गुदमरतात. सेंद्रिय म्हणजे रासायनिक बंद, एवढ्यावर लहान भांड्यात भागत नाही. जीवामृत कमी केलं, दर वीस-पंचवीस दिवसांनी वरून दोन मुठी गांडूळखत आणि त्यावर वाळका पाला, एवढंच ठेवलं. महिन्याभरात रंग बदलला.

जानेवारीत २९ पिशव्या मोकळ्या केल्या. ४१ किलो निघालं. खर्च मजुरी न धरता २६०० रुपये, म्हणजे किलोला ६३ रुपये. पिशवीत आलं लावून लखपती व्हा म्हणणारे आपल्या भागात फिरतायत, त्यांना हा हिशोब विचारा. बाजाराच्या आल्यासाठी हे परवडत नाही. बेण्यासाठी परवडतं.

साठवणीत घटून ३३ किलो राहिलं. नेहमीसारखं लावलं असतं तर जेमतेम दीड गुंठ्याच्या आसपास झालं असतं. कोझिकोडच्या मसाला पिके संशोधन संस्थेची एक पद्धत आहे, एका डोळ्याचा पाच-सहा ग्रॅमचा तुकडा प्रोट्रेमध्ये लावून तीस-चाळीस दिवसांचं रोप करायचं. आई, बायको आणि मी दोन दिवस तुकडे कापत बसलो. ९८ कप्प्यांचे ५१ ट्रे झाले. कोकोपीट तीन भाग, गांडूळखत एक भाग, ट्रायकोडर्मा. ४३०० च्या आसपास रोपं उभी राहिली, त्यात सहा गुंठे बसले. रान असं निवडलं जिथं आलं कधीच नव्हतं, आणि बेड नेहमीपेक्षा वीतभर उंच.

सगळ्या पिशव्या मोडल्या नाहीत, नव्या भरून परत ४० मांडल्यात, या वेळी पागोळीपासून लांब. पारावरची चेष्टा चालूच आहे.

अण्णा रोज सकाळी त्या सहा गुंठ्यांतून फेरी मारतात. काही बोलत नाहीत. मधेच वाकून एखादं खोड हलकं ओढून बघतात. अजून एकही हातात आलेलं नाही. पाऊस अजून दोन महिने आहे.